चिरंजीव लोकांचे पैसे वाटतात

मयूर विहार फेज वनच्या डीडीए फ्लॅटांत तळमजल्यावर राहणाऱ्याला घरासोबत अंगणाची एक चिंधी मिळते. माझी चिंधी आणि शेजारच्या वहिनींची चिंधी यांच्यामध्ये तारेचं कुंपण आहे. कढीपत्त्याचं झाड त्यांच्याकडे, निम्म्या फांद्या माझ्याकडे. सकाळी त्या फोडणीला चार पानं तोडायला येतात, मी पेपर घेऊन बसलेला असतो, आणि पुढचा अर्धा तास कॉलनीची सगळी खाती आमच्या अखत्यारीत येतात. पार्किंग, पाण्याची मोटर, कुणाचा पेइंग गेस्ट रात्री किती वाजता आला, सगळं.

परवा मात्र माझं काम होतं. पुण्याहून भावाचा फोन आला होता. पुतण्या सीए झाला, त्याला गुरुग्रामच्या एका व्हेंचर कॅपिटल फंडात नोकरी लागतेय, आकडा ऐकून घरात पेढे वाटून झालेत, तर तू दिल्लीत आहेस, जरा चौकशी कर. दिल्लीतल्या मराठी माणसाला महाराष्ट्रातले नातेवाईक दोनच कामं सांगतात. महाराष्ट्र सदनात खोली मिळवून दे, आणि अमक्याची चौकशी कर. पहिलं कधीच जमत नाही, म्हणून दुसरं मन लावून करावं लागतं.

वहिनींचा धाकटा त्याच धंद्यात आहे, सहा वर्षं झाली. म्हटलं घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जा.

"वहिनी, तुमचे चिरंजीव नेमकं करतात तरी काय हो?"

"लोकांचे पैसे घेतात आणि दुसऱ्या लोकांना वाटतात."

"म्हणजे सरकारी नोकरीच की."

"सरकारी असती तर पेन्शन नसतं का मिळालं, भावजी?"

पानं तोडायचं थांबवून त्या कुंपणाशी आल्या. हा विषय त्यांच्या मनात साचलेला असावा.

"तुम्हाला खरं सांगू? पोराला त्या नोकरीत लागून सहा वर्षं झाली, आणि आपल्याला हे काम जमतं की नाही हे त्याला अजून माहीत नाही. पगार मिळतो, बोनस मिळतो, विमानानं बंगळूरला जातो. पण तू चांगला आहेस की वाईट, हे सांगणारं कुणी नाही. माझे यजमान जल आयोगात होते, धरण गळलं तर पहिल्या पावसात कळायचं. इथं सहा वर्षांपूर्वी ज्या पोरांना पैसे दिले त्यांचं काय होणार ते अजून चार वर्षांनी कळणार म्हणे."

"पण मधे अंदाज येतच असेल की."

"येतो ना. कागदावर. कंपनीनं पुढच्या खेपेला जास्त भावानं पैसे उचलले की याच्या कागदावर आकडा फुगतो. मग घरी पनीर टिक्का. वर्षभरानं तोच आकडा बसला की मुगाची खिचडी. मी तर आता टिक्क्याचा आग्रहच करत नाही."

मी म्हटलं, जोखमीचे धंदे काय जगात थोडे आहेत? आपल्या समोर, त्या फ्लायओव्हरखाली उतरलं की यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरपट्ट्यात, वेलवर्गीय पिकं घेणारे बसलेत. २०२३च्या जुलैत नदी २०८ मीटरच्या वर गेली, सगळं वाहून गेलं, माणसं इथं रस्त्याच्या कडेला तंबूत राहिली. पुढच्या हंगामात पुन्हा वेल लावलेच.

"हो, पण काकडी लागली की नाही हे त्यांना अडीच महिन्यांत कळतं. चुकलं तर पुढच्या वर्षी दुसरं बियाणं. माझ्या पोराला पहिल्या चुकीचा पत्ता लागेपर्यंत त्यानं तीच चूक आणखी आठ ठिकाणी करून ठेवलेली असणार."

यावर मला उत्तर नव्हतं. प्रामाणिकपणे सांगतो, मी आयुष्यभर बातम्या वाचल्या. चूक झाली तर पुढच्या बुलेटिनच्या आत फोन यायचा.

एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाकरण्याचा आवाज आला. तिथं मल्याळी साहेब राहतात, एका सरकारी वित्तसंस्थेतून निवृत्त झालेले. आमच्या भागात मल्याळी वस्ती भरपूर, गुरुवायूरप्पनचं देऊळही इथंच, आणि देवळातून परतून चहा होईपर्यंत साहेब बाल्कनीतच असतात. मराठी बोलत नाहीत, पण मुंबईत नोकरी झाल्यामुळे समजतं सगळं. हे आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर त्यांच्याविषयी बरंच बोलून झालं होतं.

"नडकर्णी का जमाना याद आता है," साहेब वरून म्हणाले.

कोण नाडकर्णी? वहिनींचे कान टवकारले. दिल्लीत पस्तीस-चाळीस वर्षं काढली की कुठलंही 'कर्णी' किंवा 'कर' ऐकलं तरी आपलं माणूस भेटल्यासारखं होतं.

साहेबांनी मग तिथूनच व्याख्यान दिलं. हिंदीत होतं, सार सांगतो. सरकारनं व्हेंचर कॅपिटलसाठी पहिले नियम काढले १९८८ साली. त्याच सुमारास आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळूरला टीडीआयसीआय नावाची संस्था उभी केली, तिचे प्रमुख किरण नाडकर्णी. तारण म्हणून जमीन नाही, यंत्रं नाहीत, नुसती डोकी आणि कॉम्प्युटर, अशा लोकांना पैसे द्यायचे, ही कल्पना तेव्हाच्या बँकवाल्यांना वेडेपणाची वाटायची. मुंबईच्या मास्टेकसारख्या तेव्हा लहान असलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना त्यांनी हात दिला. पुढं १९९५ला अमेरिकेतला बिल ड्रेपर भारतात फंड घेऊन आला, तेव्हा इथली बाजू सांभाळायला पुन्हा नाडकर्णीच.

"आणि आमच्या संस्थेत," साहेब म्हणाले, "कर्ज बुडलं की फाइल निघायची, चौकशी लागायची, बढती अडायची. नाडकर्णींच्या धंद्यात दहातले पाच बुडणार हे धरूनच चालायचं. सरकारी माणसाला ते कसं झेपणार? मला बोलावणं आलं होतं. मी गेलो नाही."

हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "बाईंनी जाऊ दिलं नसेल."

चहाचा कप खाली ठेवून साहेबांनी बोट पूर्वेला केलं. पूर्वेला म्हणजे नोएडा, आमच्या इथून पुलापलीकडं. "और वो नौकरी डॉट कॉम?"

हा किस्सा मात्र मला ठाऊक होता, आणि मला वाटतं पुतण्याच्या कामाचा तोच होता. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ला नोकरी डॉट कॉम सुरू केलं. २०००च्या वसंतात, इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटत असतानाच, आयसीआयसीआयच्या व्हेंचर फंडानं त्यांच्या इन्फो एज कंपनीत सात कोटींच्या वर रक्कम घातली. कंपनी शेअर बाजारात आली २००६च्या शेवटी. म्हणजे सहा वर्षं. पुढं याच बिखचंदानींच्या इन्फो एजनं २०१०ला दिल्लीतल्या दोन आयआयटीवाल्या पोरांच्या कंपनीत ४.७ कोटी रुपये टाकले. हॉटेलांची मेन्यूकार्डं स्कॅन करून वेबसाइटवर टाकायची, एवढाच तेव्हा तिचा उद्योग. नाव होतं फूडीबे, पुढं झोमॅटो झालं. तिची शेअर बाजारात नोंदणी झाली जुलै २०२१ला. इन्फो एज मधल्या काळात पुन्हा पुन्हा पैसे घालत राहिली आणि त्या हिश्श्याची किंमत हजारो कोटींत गेली.

"अकरा वर्षं!" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं अकरा वर्षं कोण थांबतंय?"

इथं खरी मेख आहे, आणि ती पेढे वाटणाऱ्यांना कुणी सांगत नाही. इन्फो एज स्वतःच्या गल्ल्यातले पैसे घालत होती. नोकरीच्या जाहिरातींचा पैसा येत होता, तो कुणाला अमुक तारखेला परत करायचा नव्हता. व्हेंचर फंडाचं तसं नसतं. फंडाला जन्मतारखेबरोबर मृत्यूची तारीखही लिहून मिळते. साधारण आठ-दहा वर्षं. सेबीच्या नियमानुसार गुंतवणूकदारांपैकी दोन-तृतीयांशांनी, रकमेच्या हिशेबानं, होकार दिला तर वर दोन वर्षं मिळतात. त्यानंतर दुकान आवरायचं. झाडाला फळ धरलंय, पुढच्या वर्षी उतरेल, असं कितीही वाटलं तरी.

वहिनी माहेरच्या सांगलीकडच्या. त्यांना किर्लोस्करवाडी आठवणारच. "आमच्या औंधच्या राजेसाहेबांनी नाही का केलं? बेळगावच्या नगरपालिकेनं लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा खाली करायला लावली, तर राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली, वर कारखान्याला कर्ज दिलं. १९१० साली. नुसता माळ होता, निवडुंग आणि साप. ते काय दर तीन महिन्यांनी लक्ष्मणरावांना विचारत होते का, की बाबा आयआरआर किती?"

आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरच्या वार्षिक परताव्याचा दर, हा शब्द त्यांनी 'वरण' म्हणावं इतक्या सहज वापरला. सहा वर्षं त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर काय शिजतंय ते मला तिथं कळलं.

मी म्हटलं, वहिनी, मला हिशेब सांगा. भावाला आकडे लागतात. त्यांनी पोराकडून ऐकलेला हिशेब तोंडपाठ सांगितला आणि मी तो पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडला. समजा फंड शंभर कोटींचा. चालवणाऱ्यांची फी वर्षाला दोन टक्के, म्हणजे दोन कोटी. त्यात गुरुग्रामचं ऑफिस, वकील, ऑडिटर, विमानं आणि सगळ्यांचे पगार. दहा वर्षांचे वीस कोटी गेले, गुंतवायला राहिले ऐंशी. वीस कंपन्यांत चार-चार कोटी. ज्यांनी शंभर दिले त्यांना शंभराचे तीनशे झालेले हवेत, नाहीतर ते म्हणणार, एवढी जोखीम कशाला, म्युच्युअल फंड काय वाईट होता? आता वीसपैकी दहा बुडल्या. सात कंपन्यांनी घातले तेवढेच परत दिले, म्हणजे अठ्ठावीस कोटी. उरलेले दोनशे बहात्तर कोटी त्या शेवटच्या तिघींनी आणायचे.

"आणि शेवटी शेवटी फंडाचा हिस्सा घटत घटत दहा टक्क्यांवर येतो," वहिनी म्हणाल्या. "नव्या खेपेला नवे लोक येतात ना, मग जुन्यांचा वाटा पातळ होतो."

म्हणजे त्या तीन कंपन्यांची मिळून किंमत दोन हजार सातशे कोटींच्या घरात जायला हवी. शंभर कोटींच्या, या धंद्यात लहानच म्हणाव्या अशा फंडासाठी! मग कळतं की एखादा कष्टाळू मुलगा येऊन म्हणतो, माझा मसाल्याचा धंदा पाच वर्षांत वीस कोटींवर नेतो, नफाही देतो, तेव्हा हे लोक त्याला चहा पाजून परत का पाठवतात. धंदा चांगला असतो. पण त्यांच्या गणितात तो बसत नाही.

"आणि ती कॅरी का काय म्हणतात?" मी विचारलं. पुतण्याच्या ऑफरमध्ये तो शब्द होता, भाऊ त्यावर फार खूश होता.

"नफ्यातला वीस टक्के वाटा. पण कधी? आधी लोकांचं मुद्दल, मग त्यावर ठरलेला किमान परतावा, आणि त्यानंतर यांची पंगत. तीनशे आले तर नफा दोनशे, त्यातले चाळीस कोटी यांचे. त्यात मोठे साहेब लोक आधी बसणार. ज्युनियर पोराला त्या चाळीसातला एक टक्का मिळाला तर चाळीस लाख. तेही दहा वर्षांनी, तेही तो तिथं टिकला तर, तेही तीनशे आले तर."

भावाचे पेढे मला आठवले.

एक गोष्ट मला माहीत नव्हती ती वहिनींनी सांगितली. दोन-तीन वर्षं झाली की ज्युनियरला बहुधा सांगतात, आता बाहेर पड, कुठल्यातरी कंपनीत जा, एमबीए कर. सगळीकडं नाही, पण पुष्कळ ठिकाणी. कारण फंडात माणसंच मुळात आठ-दहा. वरचे चार भागीदार धडधाकट, पन्नाशीही न गाठलेले. ते कशाला उठतात? मंत्रालयात निदान वरचा निवृत्त होण्याची तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

मग आमची गाडी वळली 'नाही' म्हणण्याकडं, आणि वहिनी रंगात आल्या. वर्षाला हजारभर पोरं येतात म्हणे दारात, पैसे मिळतात पाच-सहांना. बाकी सगळ्यांना नाही म्हणायचं, आणि तेही गोड. कारण आज ज्याला नाही म्हटलं तो उद्या दुसरी कंपनी काढेल आणि तेव्हा याच्याकडं यायला हवा. मागच्या गणपतीत सोसायटीच्या सेक्रेटरींच्या जावयानं आरती चालू असताना चिरंजीवांना बाजूला घेतलं आणि बाजरीच्या चिप्सची कंपनी समजावून सांगितली. घालीन लोटांगणपर्यंत तो टर्नओव्हरवर आला होता. प्रसाद घेताना चिरंजीव म्हणाले, विचार करून कळवतो. "त्या दिवसापासून," वहिनी म्हणाल्या, "आपल्या गाडीला गेटाजवळची जागा मिळत नाही."

आणि नाकारलेलं फळलं तर? अमेरिकेतल्या बेसेमर नावाच्या जुन्या फंडानं आपण हातचं घालवलेल्या कंपन्यांची यादीच जाहीर करून ठेवलीय. ॲपल आहे, गूगल आहे. गूगलची दोन पोरं त्यांच्या एका भागीदाराच्या मैत्रिणीच्या गॅरेजात भाड्यानं बसली होती, आणि तो गृहस्थ त्या गॅरेजाच्या बाजूनं जायलाही तयार नव्हता. पण बेसेमरला हे हसून सांगणं परवडतं, त्यांच्याकडं लागलेल्या तिकिटांचीही यादी आहे. आमच्या चिरंजीवांनी दुसऱ्याच वर्षी एक कंपनी नाकारली. तिचं नाव सांगत नाही. तिचे डिलिव्हरीवाले आमच्या गेटावर दिवसातून दहादा येतात, आणि चौकीदार दर वेळी रजिस्टरात तिचं नाव लिहितो. चिरंजीव रविवारी भाजी आणायला स्वतः सफलच्या बूथवर जातात ते का, हे आता उमगलं.

इथवर हसणं चाललं होतं. मग वहिनींनी आवाज खाली आणला, बाल्कनीकडं एकदा पाहिलं.

"नोव्हेंबरातली गोष्ट. रात्री साडेअकराला त्याचा फोन वाजला. बाहेर धूर, डोळे चुरचुरत होते, तरी तो या पायरीवर येऊन बसला. मी स्वयंपाकघरात होते, खिडकी उघडी. पलीकडचा मुलगा रडत होता, भावजी. फोनमधून ऐकू येत होतं. त्याला एक तारखेला ऐंशी जणांचे पगार करायचे होते आणि खात्यात पैसे नव्हते. हा नुसता हं, हं करत होता. कारण दुपारी त्यांच्या समितीत ठरलं होतं, की या कंपनीत आता आणखी घालायचे नाहीत. निर्णय साहेबांचा. सांगायचं यानं."

"मग सांगितलं?"

"सांगितलं. एक वाजता आत आला. म्हणाला, आई, तेजी होती तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, माणसं घे, वेग वाढव, बाजार सोडू नकोस."

हे खरंय. २०२१ साल आठवा. पैशाला ऊत आला होता, एका वर्षात देशात चाळीसच्या वर कंपन्या अब्ज डॉलरच्या झाल्या. तेव्हा जो हळू चालला तो मूर्ख ठरत होता. २०२२ उजाडलं, अमेरिकेत व्याजदर चढले, आणि तीच तोंडं म्हणू लागली, खर्च कापा, माणसं काढा, नफा दाखवा. सल्ला बदलणाऱ्याचा पगार चालू राहिला, सल्ला ऐकणाऱ्याची कंपनी गेली. माझ्या मते या पेशातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, आकड्यांचं नव्हे. ज्याला आपण घाईला लावलं त्यालाच वाऱ्यावर सोडल्याचं फोनवर सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नव्या पोराच्या डोळ्यांतली चमक बघत बसायचं.

मल्याळी साहेबांना अर्थातच सगळं ऐकू गेलं होतं. ते म्हणाले, त्यात नवल काय, पैसे देऊन हे लोक लक्ष कुठं ठेवतात? आम्ही दर तिमाहीला गोदामात जाऊन पोती मोजत होतो. मग त्यांनी पाढा वाचला. गुरुग्रामच्या गोमेकॅनिकच्या संस्थापकानं जानेवारी २०२३ला स्वतःच जाहीर लिहिलं की हिशेबात चुका केल्या. मोठमोठ्या फंडांचे पैसे होते त्यात. बायजूजची किंमत एकेकाळी बावीस अब्ज डॉलर लावलेली, पण जून २०२३ला हिशेब वेळेत मिळत नाहीत म्हणून ऑडिटर डेलॉइटनं राजीनामा दिला आणि गुंतवणूकदारांचे तिन्ही संचालक मंडळातून बाहेर पडले. "पोती मोजायला हवी होती," साहेब म्हणाले.

यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. फंडाचा हिस्सा दहा-पंधरा टक्के, बोर्डावर एक खुर्ची. जास्त खोदलं तर संस्थापक म्हणतो विश्वास नाही का, आणि पुढच्या चांगल्या कंपनीच्या पोरांपर्यंत ही कीर्ती आधी पोचते. न खोदावं तर असं होतं. साहेबांच्या गोदामात कर्जदार गरजू होता. २०२१मध्ये गरजू फंडवाले होते.

"आणि भीक मागायला हेही जातात," वहिनी म्हणाल्या. "पोरं यांच्या दारात, हे दुसऱ्यांच्या. नवा फंड काढायचा तर दीड-दोन वर्षं फिरायचं. मुंबईच्या शेठ लोकांकडं, सिंगापूरला, सिडबीकडं." सिडबी या लघुउद्योगांच्या सरकारी बँकेकडं, कारण केंद्रानं २०१६ला स्टार्टअपसाठी दहा हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स तिच्या हाती दिला. सेबीच्या २०१२च्या नियमांनी एकेकाकडून साधारणपणे किमान एक कोटी घ्यायचे, म्हणजे नोकरदार मध्यमवर्गाचा इथं प्रश्नच नाही. आणि चालवणाऱ्यांना स्वतःचेही घालावे लागतात, अडीच टक्के किंवा पाच कोटी, यातलं जे कमी असेल ते. शंभर कोटींच्या फंडात अडीच कोटी. चिरंजीवांच्या एका साहेबांनी त्यासाठी घर गहाण टाकलं म्हणे. बाहेरून मर्सिडीज दिसते.

"मग त्याला सोडायला का नाही सांगत?"

वहिनींनी हातातल्या कढीपत्त्याकडं पाहिलं, पानं एव्हाना कोमेजायला लागली होती. "आवडतं हो त्याला. कुणीतरी पोरगं येऊन पाणी शुद्ध करण्याचं काहीतरी दाखवतं, आणि हा रात्री दोनपर्यंत त्यावर वाचत बसतो. वडिलांना फोन लावून धरणाचे प्रश्न विचारतो. तेवढ्यासाठी मी गप्प बसते. पण तुमच्या पुतण्याला चार गोष्टी विचारून घ्यायला सांगा. पहिली, फंड कितवा आहे, आणि आधीच्या फंडातले पैसे लोकांना परत मिळालेत का. कागदावर नव्हे, बँकेत. कॅरी ऑफरच्या पत्रात लिहून दिलीय का, की तोंडी, आणि मधेच सोडलं तर तिचं काय होतं. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं, आणि तो आता कुठं आहे. त्याला गाठून एक कॉफी पाज म्हणावं."

वरून साहेबांनी मान डोलावली. एरवी त्यांचं आणि वहिनींचं पाण्याच्या टाकीवरून पटत नाही.

मी भावाला हे सगळं रात्री फोनवर सांगितलं, आणि माझंही मत जोडलं. सीए झालेल्या मुलानं आधी तीन-चार वर्षं एखाद्या धडपडत्या कंपनीत हिशेब सांभाळावा. खात्यात पैसे नसताना एक तारीख कशी येते ते बघावं. मग गुरुग्राम आहेच, आणि पायरीवर बसून कुणाचा फोन घ्यायची वेळ आली तर पलीकडचा काय म्हणतोय ते त्याला कळेल तरी. भावानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मयूर विहारहून गुरुग्रामला मेट्रो थेट आहे का. नाही म्हटलं, ब्लू लाइननं राजीव चौक, तिथं बदलून यलो लाइन, दीड तास धर.

पुतण्या पुढच्या महिन्यात रुजू होतोय. मुक्काम आमच्याकडेच.